शाळेतली झाडं: मुलांना ओळखायला कशी शिकवावीत?

पारंबी: सहावी-सातवीच्या मुलांकडून आवारातल्या पंचवीसेक झाडांची नोंदवही करून घ्यायची आहे. कडुनिंब आणि बकाणनिंबात मुलं हमखास गोंधळतात, अशोक कुठला तेही ठरत नाही. जुन्या पाट्या खिळ्यांनी ठोकलेल्या आहेत, त्या काढाव्यात का? शिवाय दोन वर्षांपूर्वी लावलेली सहा रोपं रोज पाणी घालूनही वाढत नाहीत.

निंबोळी: फुलांची वाट पाहू नका, पानापासून सुरुवात करा. पण आधी ‘एक पान’ म्हणजे काय ते दाखवा: पानाच्या देठाच्या बेचक्यात डोळा (कोंब फुटायची जागा) असतो, पर्णिकेच्या, म्हणजे एकाच पानाच्या सुट्या छोट्या भागाच्या, बेचक्यात नसतो. एवढं कळलं की निम्मा गोंधळ संपतो. कडुनिंबाचं पान एकदाच विभागलेलं, पर्णिका कोयत्यासारख्या वाकड्या आणि दातेरी. बकाणाचं दोनतीनदा विभागलेलं, फुलं जांभळट, पानगळीनंतरही पिवळी फळं घोसाने लटकलेली. कडू लागतं का म्हणून चाखू मात्र देऊ नका, बकाणाची फळं विषारी असतात.

अशोकाचंही तसंच. कुंपणालगतचा उंच, सरळ, कडा लहरी असलेल्या साध्या पानांचा तो आसुपालव. सीताअशोकाचं पान संयुक्त, म्हणजे पर्णिकांचं, कोवळी पालवी तांबूस आणि मलूल लोंबणारी, केशरी फुलांचे गुच्छ थेट जुन्या फांद्यांवर, खोडावरही.

घेर जमिनीपासून 137 सेंमीवर सुतळीने मोजा. 3.14 ने भागलं की व्यास. गणिताचा तास वेगळा नको!

खुरपं: खिळा वर दिसत असेल तर पक्कडीने सरळ ओढून काढा. सालीने गिळला असेल तर राहू द्या, कोरून काढताना जखम मोठी होते. पाटी शेजारी खुंटावर लावा. तारेचे ट्रीगार्ड खोडात रुतलेत का तेही बघा.

आता रोपं. रोज बाटलीभर पाणी बुंध्यावर ओतलं की वरची दोन इंच माती भिजते आणि मुळं वरच राहतात. आठवड्यातून दोनदा 15-20 लिटर द्या, आळं बुंध्यापासून दीड फुटावर गोल काढा, बुंध्याशी माती थोडी उंच. आळ्यात पालापाचोळ्याचा तीन इंच थर, बुंध्यापासून चार बोटं लांब, नाहीतर साल कुजते. आणि वीतभर उकरून बघा, काळी पिशवी न काढता रोप लावलेलं असतं पुष्कळदा.

पारंबी: पिशवी निघाली तर रोप उपटावं लागेल?

खुरपं: नाही. पहिला दमदार पाऊस झाल्यावर बाजूने चर घ्या, पिशवी ब्लेडने उभी चिरून येईल तेवढी ओढून काढा, तळाची राहिली तरी चालेल. बुंध्याला वेटोळं घातलेली मुळं कात्रीने तोडा, माती भरून दाबा, लगेच पाणी. उन्हाळ्यात हात लावू नका, तुटलेल्या मुळांनी रोप वाळेल.