'ग्लुकोज' म्हणजे नेमकं काय? डोमेन ऑन्टॉलॉजी हवी की नीट लिहिलेला स्कीमा पुरे?

तळटीप:
तीन प्रयोगशाळांचा रक्ततपासणीचा डेटा एकत्र करायचं काम माझ्याकडे आहे. तिन्ही फायलींत 'ग्लुकोज' नावाचा कॉलम. पहिलीत ९७, दुसरीत ५.४, तिसरीत १०३ असे आकडे. दुसरीचा उलगडा लगेच झाला. ती मिलिमोल प्रति लिटरमध्ये मोजते, बाकीच्या मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये. १८ने गुणलं, विषय संपला. फसवलं ते तिसरीने. एकक तेच, आकडेही संशय येऊ नये असे. सहा आठवड्यांनी कळलं की पहिलीतलं रक्त शिरेतून काढून प्लाझ्मा तपासलेला, आणि तिसरीतलं बोटाला सुई टोचून ग्लुकोमीटरवर घेतलेलं. जेवणानंतर बोटाच्या रक्तात साखर शिरेतल्यापेक्षा जास्त दिसते. तोवर आमचे दोन अहवाल गेले होते.

तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय. डेटाची देवाणघेवाण करायची तर आधी त्या क्षेत्रातल्या संकल्पना आणि त्यांची आपसातली नाती यंत्रालाही वाचता येतील अशी लिहून काढावीत. टॉम ग्रुबर यांनी १९९३ मध्ये ऑन्टॉलॉजीची जी व्याख्या केली तिचा अर्थ हाच: आपण जग कसं समजतो, ते उघडपणे मांडणं. टेबलं आणि फॉरमॅट, म्हणजे स्कीमा, त्यानंतर. टीममधल्या निम्म्या लोकांना हा वेळ वाया घालवणं वाटतं. तुम्हाला काय वाटतं?

जुनी चावी:
उदाहरण पटलं, निष्कर्ष नाही. लॉइंकचे, म्हणजे प्रयोगशाळेतल्या तपासण्यांना दिलेले प्रमाणित, कोड घेतले असते तरी हे टळलं असतं, आणि लॉइंक ही मुळात कोडयादी आहे. सीरम किंवा प्लाझ्मातलं ग्लुकोज वस्तुमानात असेल तर २३४५-७, मोलमध्ये असेल तर १४७४९-६, ग्लुकोमीटरवरचं ४१६५३-७. फाइलीत एक कॉलम वाढवा, तो रिकामा असेल तर फाइल परत पाठवा. दोन दिवसांचं काम आहे. त्यासाठी आउल ही ऑन्टॉलॉजी लिहायची भाषा शिका, ती लिहायचं प्रोटेजे हे सॉफ्टवेअर उघडा, लिहिलेल्यातून अनुमानं काढणारा रीझनर चालवा, हे कशाला? मी असे दोन प्रकल्प पाहिलेत. दोन्हींत मॉडेल बनवणं वर्षभर चाललं आणि डेटा एका ओळीनेही हलला नाही.

तळटीप:
कोड हवेतच, त्यावर वादच नाही. पण कोड दोन गोष्टी वेगळ्या आहेत एवढंच सांगतो. त्या किती जवळच्या आहेत, कशात वेगळ्या आहेत, हे निव्वळ यादीतून कळत नाही. "फुप्फुसाच्या आजाराचे सगळे रुग्ण द्या" अशी मागणी आली की यादीवाल्याला हाताने पाचशे कोड निवडावे लागतात. स्नोमेड सीटी या वैद्यकीय संकल्पनांच्या संग्रहात जिवाणूजन्य न्यूमोनियाची व्याख्याच अशी आहे की जागा फुप्फुस आणि कारण जिवाणू. त्यामुळे तो फुप्फुसाच्या आजारांतही येतो, संसर्गजन्य आजारांतही येतो. कुणाला दोनदा नोंदवावं लागत नाही. साडेतीन लाखांच्या आसपास संकल्पना हाताने असं कोण सांभाळणार?

पाणवठा:
मी चार वर्षं हेच करतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो. तळटीप, तुम्हाला खरं तर चुका पकडायच्या आहेत. आउल चुका पकडायला बनलेलीच नाही.

आम्ही 'औषध लिहून देतो' असा गुणधर्म केला आणि त्याचं डोमेन, म्हणजे तो कुणाला लागू होतो ते, 'डॉक्टर' ठेवलं. एका फाइलीतून डॉक्टरच्या जागी इन्फ्यूजन पंपाचा क्रमांक आला. डेटाबेस असता तर तिथेच अडला असता. रीझनरने मात्र शांतपणे अनुमान काढलं की हा पंप डॉक्टर आहे. तर्काच्या दृष्टीने ते बरोबरच आहे! जे सांगितलं नाही ते खोटं मानायचं नाही, हाच तिथला नियम. 'यंत्र' आणि 'डॉक्टर' हे वर्ग परस्परविभक्त आहेत, म्हणजे एकच गोष्ट दोन्हींत असू शकत नाही, असं लिहिलं असतं तरच विसंगती दिसली असती, आणि तेही सुचायला आधी पंप डॉक्टर झालेला पाहावा लागतो.

त्याहून वाईट म्हणजे 'सेम अ‍ॅज'. दोन नोंदी एकाच गोष्टीच्या आहेत असं सांगणारा तो दुवा. कुणीतरी एका औषधाचा ब्रँड आणि त्यातलं मूळ रसायन 'सेम अ‍ॅज'ने जोडलं. झालं, गोळीची किंमत रसायनाला चिकटली आणि रेणूभार गोळीला. त्याच रसायनाशी आणखी दोन ब्रँड जोडलेले होते, म्हणजे तिन्ही गोळ्या एकच. हे निस्तरायला तीन आठवडे गेले.

मोजपट्टी:
पाणवठा, म्हणूनच डेटा नियमांत बसतो का हे तपासायला शॅकल ही भाषा आली ना, २०१७ पासून डब्ल्यूथ्रीसी या वेबची मानकं ठरवणाऱ्या संस्थेची शिफारस आहे. अर्थ आउलमध्ये, पडताळणी शॅकलमध्ये. एकाच अवजाराकडून दोन्ही कामं मागितली की असं होतं.

आणि ऑन्टॉलॉजी म्हणजे वर्षभर बैठका, हेही मला मान्य नाही. जनुकांची कामं वर्णन करणारी जीन ऑन्टॉलॉजी १९९८ मध्ये सुरू झाली ती फळमाशी, उंदीर आणि यीस्ट या तिघांच्या डेटाबेसांपासून. सगळं जीवशास्त्र मांडायला कुणी बसलं नव्हतं. रेणू काय काम करतो, कोणत्या प्रक्रियेत भाग घेतो, पेशीत कुठे असतो, एवढेच तीन प्रश्न. मला त्यातला सगळ्यात शहाणपणाचा भाग क्रमांकांचा वाटतो. ०००६९१५ या क्रमांकाच्या संकल्पनेचं नाव पूर्वी 'अपॉप्टोसिस' (पेशीचा नियोजित मृत्यू) होतं, पुढे 'अपॉप्टोटिक प्रक्रिया' झालं, पण क्रमांक तोच राहिला. नावावर वाद घाला, जुना डेटा मोडत नाही.

जुनी चावी:
तिथे सगळे जीवशास्त्रज्ञ होते, विषय एकच होता. आमच्याकडे 'भेट' या एका शब्दावर सहा बैठका झाल्या. रुग्ण रात्री तातडीच्या विभागात आला, पहाटे वॉर्डात दाखल झाला. ही एक भेट की दोन? बिलिंगवाले म्हणतात दोन, डॉक्टर म्हणतात एक. दोघंही आपापल्या जागी बरोबर. मग ऑन्टॉलॉजीत काय लिहायचं? जे लिहाल त्याने एकाचं काम अडतं. वेबपानांवरची माहिती यंत्रांना कळावी म्हणून केलेला स्कीमा डॉट ऑर्ग हा शब्दसंच २०११ मध्ये आला आणि पसरला, कारण त्यांनी डोमेन-रेंज, म्हणजे गुणधर्म कुणाला लागू होतो आणि त्याची किंमत काय असू शकते, हे मुद्दाम सैल ठेवलं. कडक व्याख्या लादायला गेले असते तर कुणी वापरलं नसतं.

तळटीप:
जुनी चावी, तुमची 'भेट' हेच माझं म्हणणं आहे. त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि एका शब्दात कोंबल्यात. 'उपचार-प्रसंग' एक, 'बिलिंग-प्रसंग' एक, आणि पहिल्यात दुसरे अनेक असू शकतात. कुणालाच हरावं लागत नाही. स्कीमात 'भेट-क्रमांक' हा एकच कॉलम ठेवला असता तर हा वाद दबला असता, मिटला नसता. तुमच्या सहा बैठकांत नेमकं हेच सापडलं असणार.

जुनी चावी:
पाचव्या बैठकीत सापडलं. एवढं मान्य करतो. पण ते फळ्यावर दोन चौकोन काढून सापडलं, रीझनरमुळे नाही.

एक विचारायचंय. तिसऱ्या प्रयोगशाळेने रक्त उपाशीपोटी घेतलं की जेवणानंतर, हे नोंदवलंच नसेल, तर तुमची ऑन्टॉलॉजी ते कुठून आणणार?

तळटीप:
आणू शकत नाही. नोंदवलेलं नाहीये, आजच पाहिलं. त्या ओळी 'रँडम', म्हणजे दिवसात कधीही घेतलेलं रक्त, म्हणून भरल्या होत्या, त्या काढून 'वेळ अज्ञात' असा वेगळा वर्ग केलाय, म्हणजे उपाशीपोटीच्या सरासरीत त्या शिरणार नाहीत. प्रयोगशाळेला त्यांची मूळ नोंदवही मागितली आहे. दोन चौकोनांचा फळाही उद्या टीमसमोर मांडते, बिलिंगवाल्यांना बोलावलंय.