उत्तर: हॅनबरी गार्डनला ऑगस्टमध्ये जावे का?

हॅनबरी गार्डन म्हणजे इटलीत, फ्रान्सच्या सीमेजवळ, व्हेंतिमिल्या गावाबाहेरची बाग. तिथे कधी जावं यावर वर एकांनी "उन्हाळ्यात जा, तेव्हाच फुलं असतात" असं लिहिलंय. भूमध्य समुद्राकाठच्या हवामानाला हे लागू होत नाही. तिथला पाऊस हिवाळ्यात, उन्हाळा कोरडा ठणठणीत. ऑगस्टमध्ये बरीच झाडं नुसती तग धरून असतात. आम्ही जानेवारीच्या शेवटी गेलो, तर कोरफडींचे शेंदरी तुरे आणि पिवळीधमक मिमोसा (बाभळीच्या जातीचं झाड). एरवी कोरफड म्हणजे आपल्याला गॅलरीतली कुंडीच आठवते, इथे ती पुरुषभर उंच!

आणखी एक, ज्याबद्दल कोणी बोललं नाही. ही बाग पूर्ण उतारावर आहे. शांघायच्या व्यापारात पैसा कमावलेल्या थॉमस हॅनबरीने 1867मध्ये ही जागा घेतली. आता जिनोआ विद्यापीठ सांभाळतं. फाटक वर रस्त्याला, बाग खाली थेट समुद्रापर्यंत. उतरताना मजा येते, पण परत तेवढंच चढायचं असतं. गुडघे दुखणारे कोणी बरोबर असेल तर निम्म्यातून वळा. खालच्या भागात जुना रोमन रस्ता बागेला छेदून जातो, तो मात्र जमल्यास चुकवू नका.