आजेसासूबाईंच्या इरकलीचा गोल घेराचा स्कर्ट होईल का?

खारघरची_आई

मदत हवी आहे आणि जरा घाईही आहे. आजेसासूबाईंचं नऊवारी इरकल माझ्याकडे आलंय. डाळिंबी अंग, हिरवे काठ, लाल पदर. सासूबाईंनी ते कधी नेसलं नाही, मला नऊवारी नेसता येत नाही. पंधरा वर्षं पंचात गुंडाळून कपाटात पडलंय. दोन घड्यांवर विरलंय आणि मध्ये एक आडवी फाट आहे.

लेक वीस वर्षांची. तिला त्याचा फुल सर्कल स्कर्ट हवाय, पोटरीपर्यंतचा, गिरकी घेतली की ताटासारखा उघडणारा. पाडव्याला ठाण्याच्या स्वागतयात्रेला मावशीबरोबर जायचंय, तेव्हा घालायचा. जवळच्या टेलरकडे गेले. त्याने लुगडं टेबलावर पसरलं, खडू घेतला आणि म्हणाला, "मधोमध गोल कापावं लागेल." मी लुगडं उचललं आणि घरी आले.

माझी आई म्हणते, यात नवं काय, आमच्या वेळी याला अंब्रेला कट म्हणायचे. लेक म्हणते ही पॅरिसची फॅशन आहे. लुगड्याचा असा स्कर्ट खरंच होतो का? होत नसेल तर हिला काय सांगू?

पेटीतले_कपडे

लेक बरोबर आहे. १२ फेब्रुवारी १९४७ ला फॅशन डिझायनर ख्रिस्तियन दिओरने पॅरिसमध्ये पहिलं कलेक्शन दाखवलं. बारीक कंबर आणि पोटरीपर्यंत उतरणारा भरपूर घेर. हार्पर्स बझार या फॅशन मासिकाच्या संपादक कार्मेल स्नो यांनी त्याला "न्यू लुक" म्हटलं आणि तेच नाव चिकटलं. लोक चकित झाले ते कापड बघून. दुसऱ्या महायुद्धात सगळीकडे कापडाची टंचाई होती, ब्रिटनमध्ये तर कपड्यांचं रेशनिंग १९४१ च्या जूनपासून १९४९ च्या मार्चपर्यंत चाललं. दिओरच्या मागे पैसा होता मार्सेल बूसाकचा, आणि तो सुती गिरण्यांचा मालक. मोठ्या घेराला कापड जास्त लागतं, त्याला ते हवंच होतं.

पूर्ण गोल स्कर्टची अमेरिकेतली गोष्ट मला जास्त आवडते. १९४७ च्याच नाताळात जुली लिन शार्लट या गायिकेला पार्टीला जायचं होतं, पैसे नव्हते आणि शिवणही येत नव्हतं. तिने फेल्टचा, म्हणजे न विणता दाबून केलेल्या कापडाचा, एक मोठा गोल कापला, मध्ये कंबरेचं भोक पाडलं. फेल्टचे धागे सुटत नाहीत, त्यामुळे कड दुमडायलाच नको. पुढे त्यावर कुत्र्यांची चित्रं आली आणि पूडल स्कर्ट म्हणून तो घरोघरी पोचला.

सरळ_सांगते

कपाटात विरून जाण्यापेक्षा कापलेलं काय वाईट? मुलगी घालेल तरी. कापा बिनधास्त.

नौपाड्याची_शिवणकाकू

कापू नकोस. माझ्या मुलीच्या वयाची दिसतेस म्हणून एकेरीत बोलते. बेचाळीस वर्षं शिवण शिकवलं मी, त्यामुळे सविस्तर लिहिते.

घेर तीन तऱ्हांनी येतो. सरळ कापड चुणून, कळ्या जोडून किंवा गोल कापून. तिन्ही वेगळे पडतात. गोल कापलेल्याला कंबरेशी एक चुणी नसते, सगळा घेर खाली. त्याचं रहस्य उरेबात, म्हणजे तिरक्या धाग्यात आहे. वर्तुळात कापड काही ठिकाणी उभं, काही ठिकाणी आडवं आणि मधल्या चार ठिकाणी उरेब येतं. उरेब कापड स्वतःच्याच वजनाने लांबतं. मी पहिला अंब्रेला फ्रॉक शिवला तो चरईतल्या शिवणवर्गात, पॉपलिनचा. त्याच संध्याकाळी दुमड घालून टाकली. दुसऱ्या दिवशी बघते तर खालची कड चार जागी लोंबलेली. बाईंनी सगळी दुमड उसवायला लावली, फ्रॉक दोरीवर चिमटे लावून दोन रात्री टांगला, मग मला स्टुलावर उभं करून जमिनीपासून पट्टी धरून पुन्हा खुणा केल्या. तेव्हापासून टांगल्याशिवाय गोल स्कर्टला दुमड घातली नाही आणि कुणाला घालू दिली नाही.

आता तुझं लुगडं. काठ सरळ रेषेत विणलेला असतो, तो गोल वळत नाही. वर्तुळ कापलंस तर तीनचार ठिकाणी काठ अर्धवट छाटला जाईल आणि बाकी घेर बिनकाठाचा. मग म्हणशील, काठ काढून खाली जोडू. हल्ली प्रदर्शनांत खणाचे गोल स्कर्ट असेच जोडकाठाचे असतात. मी हातात घेऊन बघते. काठ घट्ट विणीचा, वरचं कापड उरेब. कापड उतरतं, काठ उतरत नाही, मग कड आत वळून गोळा होते. तरी मुली हौसेने खण-इरकल घालू लागल्यात याचा मला मनापासून आनंद आहे. यात्रेत कौपिनेश्वराच्या देवळापाशी उभी राहून मी नुसते घेर बघत असते.

काठाच्या कापडाला आपला परकरच खरा. माझी आई १९३६ ची. दिओरने पॅरिसमध्ये कापड उधळलं त्या वर्षी ती अकरा वर्षांची, खणाचं परकर-पोलकं घालणारी. इथे लढाईपासून, १९४३ पासून, कापडावर कंट्रोल. आजीने तिचा परकर वाढत्या अंगाचा शिवला होता, काठाच्या वर दोन रुंद टक, म्हणजे शिवून ठेवलेल्या दुमडी. दरवर्षी एक टक उसवायचा. उसवलेल्या जागी रंग गडद राहायचा, त्या दोन पट्ट्या आई आम्हाला दाखवायची. खण मुळात चोळीसाठी, गुळेदगुडला विणतात तो, पन्हा अरुंद. पण आडवा धरला की तोच पन्हा मुलीच्या परकराची उंची होतो आणि काठ बरोबर पायाशी येतो. कुठेही वाकडी कात्री नाही. आईचा परकर उसवून आजीने पुढे उशांचे अभ्रे केले, इतकं कापड अखंड होतं.

लेकीला परकर शिवून दे. लुगड्याचा पन्हा किती, फाट कुठे आणि कंबर किती ते मोजून सांग.

खारघरची_आई

काकू, रात्री दहा वाजता दोघी जमिनीवर लुगडं पसरून बसलो. पन्हा ४६ इंच. पदर नाही त्या टोकापासून फाट सव्वातीन मीटरवर. विरलेल्या दोन्ही घड्या पदराच्या बाजूला आहेत. हिची कंबर २८, उंची २९ हवी. टकांचं वाचून ती गप्प झाली, पण गिरकीचा हट्ट आहेच.

नौपाड्याची_शिवणकाकू

मग देवानेच खूण करून ठेवली आहे. फाट जिथे आहे तिथेच आडवा काप घे, दुसरीकडे कात्री नाही. पदराचा मोठा भाग तसाच ठेव. इरकलीत पदराचा ताणा, म्हणजे उभे धागे, वेगळा असतो, अंगाच्या ताण्याला फासात फास अडकवून जोडतात, त्याला टोपे-तेणी म्हणतात. जुन्या लुगड्यात त्या जोडाला हात लावू नये.

सव्वातीन मीटरचा तुकडा आडवा धर. खालचा काठ पायाशी. २९ इंचांवर कापड आत दुमड, उरलेले १७ इंच आत अस्तरासारखे लोंबू देत. दुमडीखाली सव्वा इंचावर टीप मार, तोच नेफा. एक बाजूची शिवण, त्यात वरचे पाच इंच उघडे ठेव, आणि सुती नाडी. १२८ इंच २८ वर ओढले की साडेचारपट चुण्या. कंबरेला थोडं फुगेल, म्हणून पोलकं वरून सोडायचं. जुनं सूत मऊ असतं, जड होणार नाही. शिवताना बारीक सुई आणि सैल टीप, उद्या उसवायची वेळ आली तर कापड फाटू नये.

गिरकीसाठी वेगळा स्कर्ट शिवू. जांभळी नाक्यावरून ४४ पन्ह्याचं साधं कॉटन साडेतीन मीटर आण, धुऊन घे. २८ ला ६.२८ ने भाग, साधारण साडेचार इंच येतात, ती कंबरेची त्रिज्या. उंची २७ धरली तर बाहेरची त्रिज्या साडेएकतीस आणि खालचा घेर १९८ इंच, पाच मीटर. दोन अर्धगोल काप, आधी जुन्या चादरीवर. कंबर पाव इंच आतच काप, ती ताणून वाढते.

आणि दोन रात्री टांगल्याशिवाय दुमड घालू नकोस. पाडव्याच्या आधीच्या रविवारी लेकीला माझ्याकडे घेऊन ये, स्टूल आहे माझ्याकडे, खुणा मी करून देईन.