शब्दचर्चा : ‘इलास्टोकॅलोरिक’ शीतकरणाला मराठीत काय म्हणावं?

केळीपट्टा, रावेर :
केळीच्या रायपनिंग चेंबरसाठी निटिनॉलच्या (निकेल-टायटॅनियमच्या संमिश्राच्या) शीतकरणाचं गणिती मॉडेल मराठीत लिहायला घेतलंय. हा धातू ताणला की तापतो, सोडला की गार होतो; तोच गारवा वापरायचा. ‘स्थितिस्थापक-उष्मीय’ चालेल, की सरळ ‘ताणशीतन’?

तापीकाठ, भुसावळ :
भाऊ, ‘ताणशीतन’ नको. ताण म्हटलं की ओढलेली तारच डोळ्यांसमोर येते. नळ्या दाबूनही हेच घडतं, आणि यंत्र टिकवायचं तर दाबणंच बरं. ओढताना पृष्ठभागावरची बारीक चीर उघडत जाते, दाबताना ती मिटलेली राहते. फक्त पातळ नळी वाकते, तिला बाजूने आधार द्यावा लागतो. ‘प्रतिबल’ (स्ट्रेस) या शब्दात ओढणं-दाबणं दोन्ही येतं. चहूबाजूंनी सारखा दाब दिला तर तो बॅरोकॅलोरिक प्रकार, म्हणून व्याख्येत ‘एकदिश प्रतिबल’ एकदा स्पष्ट लिहा.

सूतगिरणी, धुळे :
माझा आक्षेप ‘स्थितिस्थापक’वर जास्त आहे. तो शब्द वाचला की भार काढल्यावर सगळी ऊर्जा परत मिळते असं वाटतं. इथे आकार पूर्ण परततो, ऊर्जा नाही. उष्णता येते ती ऑस्टेनाइटचं मार्टेन्साइट होताना, म्हणजे भाराखाली धातूची स्फटिकरचना बदलताना. आणि त्यात हिस्टेरिसिस आहे, म्हणजे भार उतरतानाचा आलेख चढतानाच्या वाटेने परत येत नाही, मध्ये वेटोळं उरतं. भार चढवताना व उतरवतानाच्या प्रतिबलांत २०० मेगापास्कलचं अंतर आणि ५ टक्के विकृती (लांबीतला बदल) धरा. वेटोळ्याचं क्षेत्रफळ, म्हणजे वाया जाणारी ऊर्जा, झालं घनसेंटीमीटरला १० ज्यूल. ६.४५ या घनतेने भागलं की ग्रॅममागे दीड ज्यूल. विशिष्ट उष्मा ग्रॅममागे अंशाला सुमारे ०.५ ज्यूल, म्हणजे दर आवर्तनाला ३ अंश नुसतंच तापणं. मॉडेलमध्ये चढताना +२० अंश आणि उतरताना बरोबर −२० अंश दिसलं, तर हे पद गाळलंय असं समजा.

केळीपट्टा, रावेर :
मग ‘प्रतिबल-उष्मीय शीतकरण’ पक्कं करतो. अप्रकट उष्मा (रूपांतरात सुटणारी उष्णता) समीकरणात कशी घ्यायची?

तापीकाठ, भुसावळ :
घनता, अप्रकट उष्मा आणि मार्टेन्साइटचा अंश बदलण्याचा वेग यांचा गुणाकार हे स्रोतपद. त्याच्याच शेजारी हिस्टेरिसिसचं पद. रूपांतराचं प्रतिबल मात्र स्थिर धरू नका, ते अंशामागे ६-७ मेगापास्कलने वाढतं. २५ अंशांवरचा आलेख आपल्याकडच्या मे महिन्यातल्या ४५ अंशांना लावला तर साधारण १३० मेगापास्कल कमी पडतात. कागदावर पूर्ण झालेलं रूपांतर यंत्रात अर्ध्यावर अडकतं. थंड टोकाला उलटी अडचण. केळी १३-१४ अंशांवर ठेवायची, तर तिथल्या संमिश्राचं ऑस्टेनाइट पूर्ण होण्याचं तापमान त्याहून बरंच खाली हवं. नाहीतर भार काढला तरी मार्टेन्साइट तसंच राहतं आणि गारवा मिळत नाही. शिवाय ३० अंशांची दरी एका टप्प्यात निघत नाही, रीजनरेटर लागणारच, म्हणजे द्रव पुढे-मागे फिरवून दरी टप्प्याटप्प्याने वाढवणारी रचना. तो शब्द तसाच ठेवा, ‘पुनर्जनक’ म्हटलं तर कोणाला काही कळणार नाही.

सूतगिरणी, धुळे :
‘ट्रेनिंग’ला, म्हणजे वापरण्याआधी धातूवर वारंवार भार देऊन काढण्याला, ‘सराव-आवर्तनं’ म्हणा. नव्या तारेचा पहिला आलेख मॉडेलला देऊ नका. सुरुवातीच्या आवर्तनांत आलेखातलं पठार (रूपांतर चालू असतानाचा जवळपास सपाट भाग) खाली सरकतं, वेटोळं अरुंद होतं, थोडी विकृती कायमची उरते. हे सगळं स्थिरावल्यावरचा आलेख घ्या.