पॅनल २५ वर्षांचे, मग इन्व्हर्टर ६ वर्षांतच का गेला?

अकोलेकर (प्रश्न)

नमस्कार. अकोल्यात आमच्या गच्चीवर ६ वर्षांपूर्वी ३ किलोवॉटची, ग्रिडला (वीज कंपनीच्या जाळ्याला) जोडलेली सौर यंत्रणा बसवली. पॅनलची डीसी वीज घरच्या एसी विजेत बदलणारा इन्व्हर्टर जिन्याच्या टॉवरच्या पश्चिमेकडील भिंतीवर उघड्यावरच होता. गेले दोन उन्हाळे दुपारी दोन-अडीचच्या सुमारास त्याची निर्मिती एकाएकी उतरत असे आणि ऊन कलले की पूर्ववत होत असे. बसवणाऱ्याने ‘उन्हाळ्यात असे व्हायचेच’ असे सांगितल्यामुळे मी तो विषय तिथेच सोडला. यंदाच्या मे महिन्यात तो कायमचा बंद पडला. त्याची वॉरंटी ५ वर्षांची होती आणि ती अर्थातच संपली होती. पॅनलना २५ वर्षांची हमी देतात, मग त्यांना जोडलेला डबा इतका अल्पायुषी का, आणि नवा घेतल्यास कोणती काळजी घ्यावी?

सोल्डरगन

मी इन्व्हर्टरच्या दुरुस्तीचे काम करतो. पॅनलमध्ये सतत चालू-बंद होणारे काही नसते. इन्व्हर्टरमध्ये मात्र ट्रान्झिस्टर सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होत असतात. शिवाय पॅनलकडून येणारी शक्ती एकसारखी असते, तर सिंगल फेज ग्रिडला ती ५० हर्ट्झच्या हिशेबाने सेकंदाला १०० हेलकाव्यांत द्यावी लागते. हा फरक इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर (वीज क्षणभर साठवून परत देणारे, आत द्रव असलेले भाग) भरून काढतात आणि त्या हेलकाव्यांनी ते स्वतःही तापतात.

या कपॅसिटरमधील द्रव उष्णतेने हळूहळू उडून जातो. ढोबळ नियम असा, की तापमान १० अंशांनी वाढले की आयुष्य निम्मे होते. समजा, कपॅसिटरवर १०५ अंशांना ५,००० तास असे आयुष्य दिलेले आहे. तो ७५ अंशांवर चालला तर साधारण ४०,००० तास टिकेल. दिवसाला १० तास धरले तर ती ११ वर्षे होतात. तोच ८५ अंशांवर चालला तर साडेपाच वर्षांत संपतो. प्रत्यक्षात तापमान दिवसभर बदलत असल्यामुळे हा हिशेब काटेकोर नाही, पण आपल्या ६ वर्षांचे उत्तर मला त्यात दिसते.

दुपारी निर्मिती उतरत होती ती बहुधा इन्व्हर्टर स्वतःला वाचवण्यासाठी उतरवत होता. पूर्ण भारावर कार्यक्षमता ९७ टक्के धरली तरी ३ किलोवॉटमागे ९० वॉट उष्णता डब्यातच निर्माण होते. बाहेर ४५ अंश आणि त्यावर पश्चिमेचे ऊन असताना ती जाणार कुठे? ‘व्हायचेच’ हे उत्तर मला पटत नाही. ती इन्व्हर्टरची तक्रार होती आणि आपण व बसवणारा, दोघांनीही ती ऐकली नाही.

वेंगुर्ल्याचा वारा

आमच्याकडे उन्हापेक्षा खारी हवा आणि पाऊस यांचा त्रास अधिक आहे. डब्यावर आयपी ६५ हा संरक्षणाचा दर्जा छापलेला असला की लोक निर्धास्त होतात. पण ते धूळ आणि पाण्याच्या फवाऱ्यापुरते असते, उष्णता किंवा क्षार यांच्याशी त्याचा संबंध नाही. माझ्या यंत्रणेत केबल आत जाते तिथला एक ग्लँड (भोक घट्ट बंद करणारे बूच) सैल राहिला होता. झाकण उघडले तेव्हा आत मुंग्यांचे वारूळ आणि एक मेलेली पाल निघाली. पावसाळ्यात सकाळी ‘इन्सुलेशन’चा दोष (वीज जमिनीकडे गळत असल्याचा इशारा) दाखवून दुपारी आपोआप सुरू होणारा इन्व्हर्टर पुष्कळदा निर्दोष असतो, ओल गच्चीवरच्या डीसी कनेक्टरमध्ये शिरलेली असते, विशेषतः जोडीतले दोन तुकडे वेगवेगळ्या बनावटीचे असतील तर.

तिसरा खड्डा

मी मराठवाड्यात यंत्रणा बसवतो. वरील दोघांशी सहमत आहे, परंतु ग्रिडकडेही पाहावे. दुपारी भार कमी असताना व्होल्टेज २५३ च्या वर गेले की अनेक इन्व्हर्टर ग्रिडपासून सुटतात, थोड्या वेळाने पुन्हा जोडले जातात, आणि हे दिवसातून वीस वेळा झाले तर ही जोड-तोड करणारे रिले घासत जातात. त्यात एसी केबल बारीक असली तर भर पडते: ३० मीटर लांबीच्या २.५ चौरस मिलिमीटर तांब्याच्या केबलवर १३ अँपिअरला इन्व्हर्टरपाशी सुमारे ६ व्होल्ट वाढतात, ६ चौरस मिलिमीटर घेतली तर अडीचच्या आत राहतात. वीज कंपनीकडे ट्रान्सफॉर्मरचा टॅप (व्होल्टेज कमी-जास्त करण्याची जोडणी) बदलण्यासाठी लेखी अर्ज करता येतो. आणि विजा कडाडून गेल्यावर एसपीडीची (विजेचा तडाखा स्वतःवर घेणाऱ्या संरक्षकाची) खिडकी अवश्य पाहावी. हिरवी जाऊन लाल दिसू लागली तर तो आपले काम करून संपलेला असतो, पुढचा तडाखा थेट इन्व्हर्टरला बसतो. एकाच खड्ड्यात सगळे अर्थिंग गुंडाळणाऱ्यांविषयी मी इथे लिहीत नाही, रागावर ताबा राहत नाही.

अकोलेकर

सर्वांचे मनापासून आभार. जुना इन्व्हर्टर इथल्या कारागिराकडून उघडून घेतला: चारपैकी दोन कपॅसिटरची डोकी फुगलेली होती, एकाभोवती तपकिरी डाग होता, आणि मागच्या हीटसिंकच्या (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या भागाच्या) पात्यांमध्ये कबुतरांच्या पिसांचा व धुळीचा थर बसला होता. ट्रान्झिस्टरही जळलेले असल्यामुळे दुरुस्तीचा नाद सोडला. नवा इन्व्हर्टर जिन्याच्या आत, उत्तरेच्या भिंतीवर, वरखाली मोकळी जागा ठेवून बसवला आहे. केबल लांबली म्हणून ती ६ चौरस मिलिमीटरची टाकली. काल दुपारी एक वाजता त्याच्या पडद्यावर २५१ व्होल्ट दिसले, तेव्हा टॅपसाठीचा अर्ज सोमवारी देत आहे.