पहिलाच फ्लॅट, एजंट कसा निवडायचा?

गोव्यात फोंड्याला २ बीएचके बघतोय, पहिलंच घर. एक एजंट म्हणतो आधी टोकन द्या मग कागद दाखवतो, हे बरोबर आहे का? आणि कमिशन किती द्यायचं?

म्हापशेकर: अजिबात देऊ नकोस रे! आधी त्याचा रेरा नंबर (रेरा म्हणजे घर-फ्लॅट व्यवहारांवर लक्ष ठेवणारं सरकारी प्राधिकरण, तिथला नोंदणी नंबर) माग आणि गोवा रेराच्या साइटवर टाकून बघ, रेराच्या प्रोजेक्टमधले फ्लॅट विकायला एजंटची नोंदणी लागतेच, २०१६ चा कायदा आहे. आणि बिल्डर असेल तर अ‍ॅग्रीमेंट रजिस्टर व्हायच्या आधी १० टक्क्यांपेक्षा जास्त घेऊ शकत नाही.

सुपारीबाग: मी २ टक्के दिले पण रजिस्ट्रीच्या दिवशी. आमचा एजंट गोड बोलायचा, पण रीसेल फ्लॅट होता आणि मालकाच्या बायकोची सही लागते हे त्यानं सांगितलंच नाही, आपल्याकडे पोर्तुगीज सिव्हिल कोड ना, मालमत्ता सहसा नवरा-बायको दोघांची धरतात, शेवटी वकिलानं पकडलं म्हणून वाचलो. एक-चौदा (जमिनीचा उतारा), सनद (जमीन बिनशेती केल्याचा कागद), ऑक्युपन्सी (राहायला परवानगीचा दाखला) सगळं स्वतःच्या वकिलाकडून बघून घे, एजंटनं दिलेल्या वकिलाकडून नको.

प्रश्नकर्ता: रेरा नंबर मागितला तर म्हणाला 'प्रोसेसमध्ये आहे' :(

म्हापशेकर: मग सोड त्याला.