बंद पडलेली रिसॉर्टं आणि आपला कॅमेरा : तुमचे अनुभव सांगा

बेळगावहून जांबोटी, कणकुंबी करत चोर्ला घाटाकडे निघालं की झाडीत गंजलेली फाटकं दिसतात. कधीकाळी सुट्टीला माणसं यायची ती ही ठिकाणं. कुणी आत जाऊन फोटो काढले असतील तर लिहा.

माझ्यापासून सुरुवात करतो. मालकाची परवानगी फोनवर घेतली होती, तरी राखणदार मामांनी आधी चहा पाजला, मग किल्ल्या काढल्या. "आत जावा की, पण माडीवर जाऊ नका. तुळया वाळवीनं खाल्ल्यात." तलावातलं शेवाळ, फुगलेले दरवाजे, मोडक्या खुर्च्या, हे कुठंही दिसतं. मी थांबलो ते किल्ल्यांच्या लाकडी फळ्यापाशी. पांढऱ्या रंगातले आकडे, प्रत्येकाखाली खिळा. अकराव्या खिळ्यावरच्या किल्लीभोवती कुंभारीण माशीनं मातीचं घर बांधलेलं, पितळी बिल्ल्याची कड तेवढी बाहेर. कौलाच्या फटीतून तिरका उजेड पडला होता. तिपाई लावून शटर दोन सेकंद उघडं ठेवलं.

*

खानापूर तालुक्यातली आहे मी. माझी आई अशाच एका ठिकाणी भाकऱ्या थापायला जायची. पाहुण्यांना चुलीवरची तांदळाची भाकरी लागायची. ते बंद पडलं तेव्हा तिचा तीन महिन्यांचा पगार बुडाला, तो आजतागायत मिळालेला नाही. गेल्या वर्षी तिला घेऊन गेले. मी लॉनकडे वळले, ती सरळ मागच्या दारानं स्वयंपाकघरात. चुलीवरच्या भिंतीवर कोळशाच्या रेघा अजून होत्या. चार उभ्या, एक आडवी. किती भाकऱ्या झाल्या ते बायका तिथं मोजायच्या. आईनं एकेका रेघेवर बोट ठेवलं आणि म्हणाली, "ही माझी नव्हे, ही सखूआत्तीची. ती रेघ वाकडी काढायची." मी तिच्या बोटाचा फोटो काढला. तो घरी भिंतीवर आहे.

*

पावसाळ्यात तिकडं जाणाऱ्यांनी लेन्स सांभाळा. आठवडाभर भिजट बॅगेत राहिली आणि माझ्या लेन्सला आतून बुरशी धरली. आता सिलिका जेलच्या पुड्या घालून हवाबंद डब्यात ठेवतो. आणि चिऱ्याच्या पडक्या भिंतीत हात घालू नका, फुरसं असतं.

*

आम्हाला जेवणाच्या मोठ्या हॉलमध्ये छताला लटकलेली वटवाघळं दिसली. मित्रानं फ्लॅश काढला, मी थांबवलं. हा सगळा पट्टा भीमगड अभयारण्याच्या शेजारचा. २०११ साली ते जाहीर झालं. तिथल्या बारापेडे गुहांतली दुर्मीळ वटवाघळं जगात मोजक्याच ठिकाणी सापडतात. हॉलमधली कुठल्या जातीची, मला ओळखता आलं नाही. उजेड न टाकता, पावलं न वाजवता बाहेर आलो. विष्ठेची धूळ छातीत जाते, तोंडाला मास्क हवाच.

*

एक मनापासून विनंती. ठिकाणाचं नाव आणि नकाशा टाकू नका. मी टाकला होता. चार महिन्यांनी परत गेलो तर खिडक्यांच्या चौकटी उपटलेल्या, वायरी ओढून नेलेल्या, देवळीतला गणपतीसुद्धा नाही. ती चूक माझी होती, अजून सलते.

*

भाकऱ्यांच्या रेघांचं वाचून मी मामांना फोन लावला. इतके फोटो काढले, पण त्यांना काही विचारलंच नव्हतं. अकरा नंबरमध्ये कोण उतरायचं? "गोव्याचं एक म्हातारं जोडपं, दर दिवाळीनंतर. दुसरी खोली दिली तर ऐकायचे नाहीत. मी मुद्दाम रिकामी ठेवायचो." रविवारी परत जातोय. किल्लीला हात लावायचा नाही, फळ्याशेजारी मामांना उभं करून फोटो घ्यायचा. त्यांनी होय म्हटलंय, धुतलेला शर्ट घालून येतो म्हणाले.